पाच पायलीचे तपेले आणि द्वारकाताई

द्वारकाताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या हस्तलिखित पुस्तकात मी लिहावे असे आमच्या शेजार-भगिनी मंडळाने ठरवले, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मीच का? माझ्यापेक्षा सुवाच्य अक्षर असलेल्या चौघीजणी मंडळात आहेत. कोणाविषयी चार गोड शब्द लिहायचे तर त्या चौघींपैकी कोणीही ते माझ्याहून बरे लिहील. तेव्हा यामागे कोणाचा तरी हात आहे हे मी ओळखले, आणि तो कोणाचा असावा याचाही अंदाज केला.

माझा स्वभाव संशयी आहे. वीस वर्षांहून अधिक काळ मी मंडळाच्या भांड्यांची किल्ली सांभाळते आहे आणि तेवढाच काळ मंडळातल्या प्रत्येकीवर थोडाथोडा संशय घेत आले आहे. सर्वांत जास्त घेतला तो द्वारकाताईंवर. त्यांच्या गौरवाच्या पुस्तकात हे लिहिणे शोभत नाही, पण मला विचारायला आलेल्या मुलीबरोबर त्यांनी एवढाच निरोप पाठवला होता, "खरं तेच लिहायला सांगा." आता या निरोपाचा तरी अर्थ काय घ्यायचा?

त्यांची माझी पहिली भेट मला स्वच्छ आठवते. पहिली लढाई संपून थोडे दिवस झाले होते. आमच्या यजमानांची बदली लोणावळे स्टेशनच्या माल-ऑफिसात झाली. आम्ही वळकट्या सोडतो आहोत तोच दारात एक बाई उभ्या राहिल्या. हातात ताकाचा तांब्या. त्यांनी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. "घरात माणसं किती?" एवढेच विचारले.

"का बरं?" मी म्हटले.

"ताक पुरेल की नाही ते बघायला."

माझा विश्वास बसला नाही. अनोळखी बाई उगीच ताक घेऊन येत नाही. यजमान कामावरून आले, ते प्याले, त्यांना काही झाले नाही, तेव्हा मी प्याले. ताक चांगले होते. त्यामुळे माझा संशय आणखीच वाढला.

पुढच्याच वर्षी मला विषमज्वर झाला. द्वारकाताई एकवीस दिवस रोज सकाळी चढ चढून आमच्या घरी पेज घेऊन येत असत. स्वतः येत, कोणाबरोबर पाठवत नसत. तेराव्या की चौदाव्या दिवशी मला बोलण्याइतकी ताकद आली. मी पहिला प्रश्न केला, "तुम्हाला माझ्याकडून हवंय तरी काय?" त्या शांतपणे म्हणाल्या, "शिवणवर्गाला एक बाई कमी पडतेय. बऱ्या झालात की या." हे ऐकून मला फार बरे वाटले. अखेर त्यांना काहीतरी हवे होते.

अशी मी मंडळात आले. शाळेच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी आम्ही जमत असू. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, बाळंतिणींसाठी दुपटी, लहान मुलांची झबली अशी कामे चालत. बाजाराच्या दिवशी जवळच्या औंढे गावच्या बायका भाजी विकून झाली की आमच्या पायरीवर टेकत. द्वारकाताईंनी त्यांना अर्धा तास अक्षरे शिकवायला सुरुवात केली. त्यात साळूबाई म्हणून एक शेतकरीण होत्या. पाटी पुढे सरकवली तशी त्यांनी पदर सावरून विचारले, "बाई, सही शिकवताय खरं, पर आमची सही कशावर घ्यायची हाय तुमाला?"

साळूबाई मला त्याच क्षणी आवडल्या. द्वारकाताई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "कशावर करायची नाही ते तुमचं तुम्हाला वाचता यावं, म्हणून," त्या म्हणाल्या. साळूबाईंनी थोडा विचार केला आणि पाटी ओढून घेतली. पुढे त्यांना वाचता येऊ लागले आणि त्या दुकानातल्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नसत.

मात्र मला सांगायचे आहे ते तपेल्याविषयी.

लग्नामुंजीला मोठी भांडी मिळवणे हा तेव्हा गावात घोर होता. ज्यांच्याकडे होती ते नातलगांना देत, इतरांना नाही. द्वारकाताईंनी युक्ती काढली. प्रत्येकीने घरातले फुटके-तुटके तांबे आणायचे आणि त्याचे मोठे तपेले घडवून घ्यायचे. मी गळकी कळशी दिली. काशीबाईंनी चेपलेला बंब दिला. काशीबाई म्हणजे आमच्या मंडळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या. त्यांचा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती. साळूबाईंनी फुटकी घागर आणली. कल्हईवाल्या इब्राहिमभाईंच्या घरच्या हलीमाबी शिवणवर्गाला येत आणि दाराजवळच्या वेगळ्या चटईवर बसत; त्यांनी एक फुटका लोटा आणून उंबऱ्यावर ठेवला. पुण्याच्या तांबटांनी हे सगळे वितळवून पाच पायलीचे तपेले घडवले. काठावर मंडळाचे नाव घातले. आम्ही त्याला हळदकुंकू वाहिले.

तपेले आले त्याच सभेत काशीबाईंनी नियम मांडला. ज्या घरचे पाणी आपल्याला चालते त्याच घरी भांडे द्यायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. हलीमाबी चटईवर बसून दुपट्याला काठ लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. द्वारकाताई अध्यक्ष होत्या. त्यांनी नियम वहीत लिहून घेतला आणि भांड्यांच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुमच्या नजरेतून काही सुटत नाही," असे सर्वांसमोर म्हणाल्या. हे कौतुक होते की टोमणा, ते मला त्या वेळी ठरवता आले नाही.

तपेल्याला वर्षातून दोनदा कल्हई लागे. ते अर्थातच इब्राहिमभाईंकडे जाई. त्यांच्या हातची कल्हई सगळ्या गावाला चालत होती. विस्तवातून निघालेल्या भांड्याला कोणी नावे ठेवत नसे. काम एका दिवसाचे. असे असताना एकदा तपेले गेले ते चौथ्या दिवशी परत आले. मी विचारले तर द्वारकाताई म्हणाल्या, "कामं साठली असतील त्यांची."

मी तपेले उपडे केले. पाठवण्याआधी चिंच आणि राख लावून त्याचे बूड मी माझ्या हाताने घासले होते. आतून कल्हई आरशासारखी लखलखत होती आणि बुडाला बोटभर काजळी. कल्हईवाल्याच्या भट्टीत कोळसा असतो, त्याने अशी काजळी धरत नाही. ही लाकडाच्या चुलीची होती, आणि चूल बराच वेळ पेटलेली असणार. मग मी काठावरून बोट फिरवले. काठाच्या वळणात एक वाळलेले शीत अडकले होते, पिवळ्या रंगाचे.

मी ते शीत कागदाच्या पुडीत बांधून फडताळात ठेवले. कोणाला बोलले नाही. त्या आठवड्यात हलीमाबींच्या थोरल्या मुलीचे लग्न झाल्याचे मला ठाऊक होते. नियम वहीत लिहिणाऱ्या बाईच नियम मोडतात आणि तेही माझ्या किल्लीच्या आडून, याचा मला मनस्वी राग आला. आपल्याला मूर्ख समजतात, असे वाटले. मी वाट बघत राहिले.

पुढच्या वर्षी हलीमाबींच्या धाकट्या मुलीचे, जुबेदाचे लग्न ठरल्याचे कळले, आणि लागलीच ताईंचा निरोप आला, "तपेलं कल्हईला पाठवा." कल्हई लावून तीन महिनेही झाले नव्हते. मी मुकाट्याने पाठवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तपेले झाले का ते बघायला म्हणून, स्वतः इब्राहिमभाईंच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

तपेले तीन दगडांवर होते. खाली लाकडे धडधडत होती. शेजारी पाटावर बसून द्वारकाताई सुपातले तांदूळ निवडत होत्या. मला बघून हलीमाबींच्या हातातला झारा थांबला. दारात जुबेदा मेंदीचे हात पुढे धरून उभी होती.

"बाई," हलीमाबी म्हणाल्या, "तिकोणापेठंचं वऱ्हाड दुपारी यायचं हाय. दुसरं भांडं कुटं न्हाई मिळालं, लय फिरलो आमी. तुमी न्हाई म्हनलासा तर आत्ता उतरवते. पर ताईंला कायबी बोलू नगा."

मी ताईंकडे वळले. आदल्या वर्षीपासून साठवलेले बरेच काही बोलायचे होते. "तुम्हीच नियम लिहून घेतलात," एवढेच तोंडातून निघाले.

"लिहून घेतला," त्या म्हणाल्या. सूप खाली ठेवले नाही. "पण तिचं तांबं त्यात आहे, इंदिराबाई. आता त्यातून ते वेगळं कसं काढायचं, तुम्हीच सांगा."

 मी उलट विचारले, "आणि उद्याच्या सभेत मला कोणी विचारलं तर?"

"किल्ली तुमच्याकडे आहे. काय सांगायचं तेही तुम्हीच ठरवा."

मी घरी आले. दिवसभर कशात लक्ष लागले नाही. ताईंचा राग होताच, पण हलीमाबींचा थांबलेला झाराही डोळ्यांपुढून हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सभेला एरवी न येणाऱ्या बायकाही आल्या होत्या. काशीबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या दूधवालीने कल्हईवाल्याच्या अंगणात मंडळाचे तपेले चुलीवर पाहिले होते. "हे खरं असेल तर द्वारकाबाईंनी अध्यक्षपद सोडावं," त्या म्हणाल्या, "आणि त्या बाईंचं नाव मंडळातून कमी करावं." आठ-दहा जणींनी त्यांना दुजोरा दिला. हलीमाबींची चटई त्या दिवशी रिकामी होती. ताई वहीत लिहून घेत राहिल्या. मग काशीबाईंनी माझ्याकडे बोट केले. "यांना विचारा. यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. ताई गेल्या असत्या तर मंडळ राहिले नसते, हे मला ठाऊक होते. पेजेचे एकवीस दिवस आठवले. पण खरे सांगायचे तर त्याहून जास्त आठवले ते वितळलेले तांबे. माझी कळशी कुठली आणि हलीमाबींचा लोटा कुठला, हे मलाही सांगता आले नसते.

"दूधवालीनं बरोबर पाहिलं," मी म्हटले. "कल्हई लावायची म्हणजे भांडं विस्तवावर ठेवावंच लागतं. मी स्वतः काल जाऊन पाहून आले. काळजीचं काही कारण नाही."

माझ्यासारख्या बाईने स्वतः जाऊन पाहिले म्हटल्यावर पुढे कोणी काय विचारणार? काशीबाई खाली बसल्या. ताईंनी चष्मा पुसला आणि झबल्यांचा विषय काढला. मला त्यांनी त्या दिवशी धन्यवाद दिले नाहीत आणि नंतरही कधी दिले नाहीत. पुढच्या गुरुवारी हलीमाबी आल्या आणि मी माझी बैठक त्यांच्या चटईवर नेली. दाराजवळ उजेड बरा असतो, असे कारण मी सांगितले.

तेव्हापासून एक शंका माझी पाठ सोडत नाही. किल्ली माझ्याच हाती का दिली? मी एक ना एक दिवस बूड उपडे करून बघणार, हे ज्या बाईने पहिल्या वर्षीच ओळखले होते, तिने किल्ली मुद्दाम मलाच दिली नसेल कशावरून? सगळ्या गावावर संशय घेणाऱ्या बाईने एकदा निर्वाळा दिला की दुसरी कोणी संशय घेत नाही. मी ताईंना हे दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्यापुढे ताकाचे भांडे सरकवले.

त्यानंतर त्या तपेल्यात किती घरची लग्ने शिजली. माझ्या मुलीचे लग्न त्याच तपेल्यात झाले, काशीबाईंच्या नातवाची मुंज झाली. ते कल्हईला कधी एक दिवस गेले, कधी चार दिवस. मी बूड घासत राहिले.

आज ताईंच्या साठीचे जेवणही त्याच तपेल्यात शिजायचे आहे. पुस्तक पंगती उठल्यावर उघडायचे असे ताईंनी ठरवले आहे. मी काय लिहीन हे त्यांना आधीच कळले होते, असा माझा दाट संशय आहे. तेव्हा वाचणाऱ्या भगिनींनो, हे वाचाल तेव्हा तुमचे हात धुऊन झालेले असतील. काशीबाई नेहमीप्रमाणे पहिल्या पंगतीला बसल्या असतील आणि भात दोनदा घेतला असेल. त्यांना माझा राग आला तर त्यांनी मला बोलावे. ताईंना नको.

द्वारकाताईंचे गुडघे दुखतात, तरी चढ चढायचे त्या सोडत नाहीत. त्यांचे गुडघे बरे राहोत, नजर अशीच शाबूत राहो, आणि आमच्या नातींच्या लग्नातले तांदूळ निवडायलाही त्या पाटावर बसलेल्या असोत. मी त्यांच्यावर प्रेम करते. हे त्यांना कधी सांगितले नाही, कारण त्यांनी त्यावर काय म्हटले असते याची मला खात्री नव्हती.

तपेले कालच कल्हई होऊन आले. चार दिवसांनी आले. परवा जुबेदाच्या मुलीचे लग्न होते. मी बूड घासले, काठावरून बोट फिरवले. वळणात एक पिवळे शीत होते. या वेळी मी ते काढले नाही.