दमलेला आवाज

"गाणाऱ्याने आधी दमून यावं, मग तोंड उघडावं," असं फिटर एकदा म्हणाला होता. दुकानवालीला ते पटलं नव्हतं, पण तिच्या मनातून ते जातही नव्हतं.

फिटर एका मोठ्या लाँड्रीत कामाला. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी यंत्रं दिवसभर घुमत राहायची आणि त्यांचे झिजलेले पट्टे बदलणं हे त्याचं काम. सुटला की वाटेवरच्या या रेकॉर्डींच्या दुकानात डोकवायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "आली का, ताई?"

त्याला हवी होती चार पोरांच्या एका गिटार बँडची रेकॉर्ड. कुठल्या बड्या कंपनीच्या दावणीला न बांधलेली पोरं. एकच रेकॉर्ड काढली आणि पांगली. फिटरकडे ती पूर्वी होती. बायको शिवणकारखान्यात. दोघं कामावरून आली की दिवा न लावता जमिनीवर पडून ऐकायची. बोलायचं त्राण दोघांतही नसायचं. गाणारा त्यांच्या वतीने बोलायचा. खोल, जड, एकेक शब्द ओढत आणणारा आवाज. "हा आपल्याहून दमलाय," बायको म्हणायची आणि तेवढ्यावर तिला झोप लागायची.

मग साफसफाई करताना तिनेच रेकॉर्ड खिडकीत ठेवली आणि उन्हाने वाकून रेकॉर्डचा द्रोण झाला. फिटर बायकोला चकार शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, हे तीच दुकानात येऊन सांगून गेली. "मी हरवले ना ताई, तर हा माणूस एवढी शोधाशोध करायचा नाही. पण मिळाली तर बघा. घर फार गप्प झालंय."

दुकानवालीने ओळखीपाळखीच्या सगळ्या दुकानदारांना पिडलं. रेकॉर्ड कुणीतरी नव्याने छापल्याचं कळलं, तेव्हा ती संपलीही होती. शेवटी धंदा बंद करणाऱ्या एका दुकानदाराच्या खोक्यात एक निघाली. फिटरला तिने फोन केला नाही. त्याचं तोंड बघायचं होतं तिला.

तो आला तेव्हा त्याचा पार पिट्ट्या पडला होता. काही न विचारता स्टुलावर बसला.

"विचारा की."

"काय विचारायचं. तुम्हीही कंटाळला असाल नाही म्हणून म्हणून."

तिने रेकॉर्ड काउंटरवर ठेवली. तो कितीतरी वेळ पँटला हात पुसत राहिला.

"लावू?"

त्याने मान हलवली.

सुई टेकली. गिटारी सुरू झाल्या आणि गाणारा गाऊ लागला. पातळ, ताजा आवाज, ओठांवर हसू असावं तसा. मिसरूड फुटलेल्या पोराचा.

"ताई, तुमचं मशीन पळतंय."

"नाही हो, भाऊ."

"पळतंय. हा तो नव्हे."

तिने मशीनच्या फिरत्या तबकडीच्या कडेवरचे ठिपके दाखवले. बारीक दिव्याच्या उजेडात ते जागच्या जागी उभे दिसत होते. वेग चुकला असता तर सरकताना दिसले असते. फिटर वाकून बघत राहिला. फिरत्या यंत्राबद्दल त्याला वेगळं काही सांगायची गरज नव्हती.

"घरच्या मशीनचा पट्टा कधी बदललात?" तिने हळूच विचारलं.

"तो कशाला बदलू? चालत होतं की."

"अहो, दिवसभर जगाचे पट्टे बदलता."

"म्हणूनच. घरी गेल्यावर स्क्रूड्रायव्हर हातात धरवत नाही."

पोरगा गात होता, मजेत, धापही न लागता. हा कधीच दमलेला नव्हता. फिटरच्या घरातला सैल पट्टा दमला होता, तबकडी धिमी फिरवत होता, आणि त्याच्यासमोर दोन माणसं वर्षानुवर्षं आडवी पडून दिलासा घेत होती.

दुकानवालीला राहवलं नाही. तिने वेगाची खिट्टी खाली ओढली. आवाज जडावला, खोल गेला, शब्द ओढू लागला.

"बघा, आला की नाही तुमचा माणूस? घरी असाच वाजेल. पट्ट्याला हात लावू नका म्हणजे झालं. वहिनींना तरी काय कळतंय?"

फिटरने डोळे मिटले. त्याचे खांदे सैलावले, तसं तिला वाटलं, जमलं. पण मग त्याच्या कपाळाला आठी पडली. त्या जड आवाजाच्या आत आता त्याला पोरगा ऐकू येत होता. धावू बघणारा, आणि कुणीतरी मागून सदरा धरून ठेवलेला.

त्याने तिचं बोट बाजूला केलं आणि खिट्टी जागेवर नेली. पोरगा सुटला. गाणं संपेपर्यंत फिटर उभा राहिला. मग सुई उचलली, कडेने धरून रेकॉर्ड वेष्टणात सरकवली आणि तिच्या हातात दिली.

"भाऊ, वहिनींनी विचारलं तर काय सांगू?"

"नाही मिळाली म्हणून सांगा. तिचा तो दमलेलाच राहू दे," म्हणत फिटरने दार ढकललं आणि बाहेर पडला.