दोन कॅमेऱ्यांची शैला

कसबा पेठेत तांबट आळीच्या तोंडाशी रंगरावाचं फोटोचं दुकान. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर तांब्याची ठोकठोक ऐकत उभं राहायचं. पासपोर्टचे फोटो, बारशाचे फोटो, मेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून चौकटीत बसवणं, ह्यावर चूल पेटायची. पण रंगरावाचं नाव झालं ते कुस्तीच्या फोटोंवर. चैत्र लागला की पुण्याच्या चारी अंगांच्या गावांत जत्रा सुरू होतात, जत्रा म्हटली की कुस्त्या आल्याच, आणि कुस्त्या म्हटल्या की आखाड्याच्या काठाला पोतं टाकून बसलेला रंगराव आलाच. गडी चपला लांब काढून ठेवायचा, मातीला हात लावून कपाळाला लावायचा आणि मांडी घालायचा. फ्लॅश कधी मारायचा नाही. पैलवानाच्या डोळ्यापुढं काजवे चमकले आणि तेवढ्यात डाव बसला, तर त्याची हाय कुणी घ्यायची, म्हणायचा.

आमचं गाव येरवड्याच्या पुढं, नदीच्या काठाला. गाव आपलं सवयीनं म्हणायचं. महापालिकेनं कवाच गिळलंय. कांद्याच्या वावरात काचेच्या कंपन्या उगवल्या. पण माणसाचं एक असतं, जमीन गेली की जत्रेला जोर चढतो. पूर्वी शेवटच्या कुस्तीला नारळ आणि टॉवेल होता, तिथं चांदीची गदा आली. जिंकणाऱ्याचा फोटो मोठ्या फ्लेक्सवर वेशीत वर्षभर लागायला लागला. तो फोटो रंगरावाचा. आमच्या वेशीतला फ्लेक्स बघून बाकीची गावं त्याला सांगावा धाडायची.

फिल्मचा जमाना सरला तेव्हा, दोन हजार चार साली, रंगरावानं डिजिटल एसएलआर घेतला. काळा, दणकट, विटेसारखा वजनदार. मागचा पडदा काडेपेटीएवढा. लेन्स एकच, जवळचं बघणारी, पण उजेड अशी प्यायची की दिवेलागणीलासुद्धा माणसाच्या पाठीवरचा घाम वेगळा दिसायचा. तेवढ्यावर रंगराव खूश होता. सहा वर्षं गेली आणि त्याच्या हाताला कंप सुटला. चहाची बशी धरवेना, तिथं कॅमेरा कुठला.

त्याला एक लेक, शैला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बापाचे फोटो निवडायचं काम वर्षानुवर्षं तिचंच. हजारो कुस्त्या तिनं बसल्या जागी बघितलेल्या. गडी ढाक मारणार की घिस्सा ओढणार, हे तिला त्याच्या पायाच्या अंगठ्यावरून कळायचं. बापाचा कॅमेरा गळ्यात अडकवून ती दोन हजार दहाच्या जत्रेला आमच्या गावात आली आणि थेट आखाड्याकडं निघाली.

हिंमतरावांनी तिला वाटेतच अडवलं. हिंमतराव म्हणजे आमच्या जत्रेचे कर्तेधर्ते. गाव त्यांना अण्णा म्हणतं. फेटा बांधल्याशिवाय माणूस परसाकडंसुद्धा जात नसेल.

"पोरी, कुठं निघालीस?"

"बाबांच्या जागेवर."

"मारुतीचा आखाडा हाय ह्यो. बाईमानूस मातीच्या कडंला येत न्हाई. बाया तकडं बसत्यात." त्यांनी शाळेच्या गच्चीकडं बोट केलं.

"तिथून फोटो कसा येईल अण्णा?"

"ते तू बघ. न्हाईतर दुसरा फोटोवाला बगतो म्या."

शैला गच्चीवर गेली. जवळचं बघणाऱ्या लेन्समधून पैलवान म्हणजे गुळाच्या ढेपेवरच्या दोन मुंग्या. त्या साली वेशीत फ्लेक्स लागला तो कुणाच्या तरी मोबाईलवरच्या फोटोचा. विजेत्याला तोंडच नव्हतं. अण्णा तिला म्हणाले, "अजून एक साल बगतो. तुज्या बापानं गावाचं मीठ खाल्लंय म्हनून." त्यांनी हात काढला की बाकीची गावंही काढणार होती, आणि मग तांबट आळीत नुसते पासपोर्टचे फोटो काढत बसायचं. हे तिलाही माहीत होतं, बापालाही.

दुसरी असती तर रडत बसली असती, नाहीतर भांडली असती. शैला कॅम्पात गेली आणि नवा कॅमेरा घेऊन आली. दुकानदार त्याला ब्रिज कॅमेरा म्हणाला, सुपरझूम म्हणाला. त्याची लेन्स निघत नाही, बदलत नाही. एकच लेन्स जवळचंही बघते आणि बटण दाबलं की सोंडेसारखी बाहेर येऊन लांबचंही ओढून आणते. दिसायला मोठ्या कॅमेऱ्यासारखा, उचलायला अर्धा किलो मटणाच्या पिशवीसारखा.

रंगरावानं तो हातात घेऊन हलवला. हलवला कशाला, त्याच्या हातात तो आपसूकच हलत होता.

"हलका आहे," रंगराव म्हणाला.

"चांगलं की वाईट?"

"लग्नात मिरवायला चांगला."

"बाबा, ह्यानं नदीपलीकडची म्हैस दिसते."

"म्हशीनं फोटोची ऑर्डर दिली का?"

बापलेकीचं बोलणं असंच. पण रंगरावाला पारख होती. पर्वतीवर नेऊन त्यानं तिच्याकडून फोटो काढून घेतले आणि खोड लगेच ओळखली. बटण दाबायचं आणि फोटो निघायचा ह्यात जांभईएवढा वेळ जायचा, आणि एक फोटो निघाला की डोळ्यापुढचा पडदा क्षणभर गोठायचा. जुन्या कॅमेऱ्यात असलं लाडाचं काही नव्हतं. दाबलं की खटॅक.

"कुस्तीत तेवढ्यात माणूस उताणा पडून उठतो," रंगराव म्हणाला.

"मग मी पडायच्या आधी दाबीन."

आणि तिनं तसंच केलं. महिनाभर शनिवार पेठेतल्या एका तालमीच्या समोरच्या जिन्यात बसून तिनं खिडकीतून सराव केला. अंगठा मातीत रुतला की बटण. फोटो निघेस्तोवर गडी हवेत.

दोन हजार अकराच्या जत्रेला गच्चीवर मजा झाली. आमच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या त्या गच्चीवर बसत आलेल्या. त्यांना कुस्ती म्हणजे लांबची धूळ, हलगीचा आवाज आणि बाप्यांच्या टोप्या. शैलाच्या नव्या कॅमेऱ्याचा मागचा पडदा तळहाताएवढा. त्यात पैलवान एकदम अंगावर आला. अण्णांची बायको मुक्ताई पुढं सरकली, मग तिच्या मागं सगळी गच्ची.

"आगं बया, ह्याच्या कानाचं भजं झालंय."

"आनि लंगोट बगा, पार धुवाय झालाय."

"मुक्ताबाई, तुमचं मालक कुठं हायती त्ये दाव म्हनावं."

शैलानं सोंड वळवली. अण्णा पुढच्या खुर्चीवर तोंड उघडून झोपलेले. गच्ची इतकी हसली की खाली पंचांनी वर बघितलं.

त्या साली वेशीतला फ्लेक्स असा आला की लोक दुचाक्या थांबवून बघायचे. जिंकणारा हवेत आडवा, दातात माती, डोळे उघडे. अण्णांनी फक्त मान हलवली. त्यांच्याकडून एवढंच मिळतं.

खरी गंमत पुढच्या साली झाली. शेवटच्या कुस्तीला अण्णांचा नातू दिग्विजय उतरणार होता. पोरगं खाऊ-पिऊ घालून तयार केलेलं, रोज बदाम, रोज दुधाची चरवी. समोर इंदापूरकडचा संभाजी, काळा, सडपातळ, वेताच्या काठीसारखा. आता नातवाची कुस्ती म्हटल्यावर अण्णांनी सत्कार काढले. आमच्याकडं सत्काराशिवाय कुस्ती लागत नाही. बिल्डर झाले, नगरसेवक झाले, कंपनीला पाणी पुरवणारे टँकरवाले झाले. फेटा, नारळ, शाल. पुन्हा फेटा, नारळ, शाल. रेवड्यांच्या बक्षिसावरच्या लहान पोरांच्या कुस्त्या उन्हात झाल्या, आणि गदेची कुस्ती लागायची वेळ आली तर सूर्य कंपनीच्या काचेमागं गेलेला.

गच्चीवर शैलानं डोळा लावला आणि काढला. ह्या कॅमेऱ्याचं तेच दुखणं. भर उन्हात नदीपलीकडची म्हैस दाखवेल, पण अंधारून आलं की आंधळा. पडद्यावर नुसतं ज्वारीचं पीठ उडत होतं. पिशवीत बापाचा जुना कॅमेरा होता, ती तो टाकून कधीच यायची नाही. पण तो चालायला आखाड्याचा काठ पाहिजे.

तिनं नवा कॅमेरा मुक्ताईच्या हातात दिला. "आजी, हे बटण. सांभाळा." आणि जिना उतरली.

अण्णा काठालाच उभे होते.

"वर जा," ते म्हणाले.

"वरून आता काही दिसत नाही. सत्कार तुम्ही लांबवलेत."

"कुटनं बी काड. पन हितं न्हाई."

"बरं. मग नातवाचा फोटो मोबाईलवर काढून घ्या. दोन सालांमागं लागला तसा, बिनतोंडाचा."

अण्णांनी वेशीकडं बघितलं. मग नातवाकडं बघितलं. दिग्विजय अंगाला माती चोळत होता, खरंच देखणा दिसत होता. हलगी घुमायला लागली होती.

"मातीला पाय लावायचा न्हाई," ते म्हणाले आणि तोंड फिरवलं.

शैलानं चपला काढल्या, बापासारखाच मातीला हात लावून कपाळाला लावला आणि काठाच्या बाहेर मांडी घातली. चार म्हातारे कुजबुजले. मग सलामी झाली आणि कुजबुज विरली.

दिग्विजयचा जोर मोठा होता. पहिल्यांदा त्यानं संभाजीला असा रेटला की आमची पोरं शिट्ट्या मारायला लागली. पण शैला पायाकडं बघत होती. संभाजीचा अंगठा रुतला. खटॅक. दिग्विजय त्याच्या पाठीवरून फिरला आणि धपकन उताणा आला. खटॅक, खटॅक. पंचानं हात वर केला.

आणि अण्णा धावले. फेटा सुटलेला, थेट मातीत, "खांदा टेकला न्हाई, डावा खांदा वर हुता" म्हणत. गाव दोन्हीकडून ओरडायला लागलं. इंदापूरची माणसं उठली. पंच गोंधळले, त्यांनाही इथंच पुढच्या साली यायचं होतं.

अण्णांची नजर शैलावर पडली. "हिच्याकडं फोटो हाय. दाव गं पोरी. खांदा वर हुता का न्हाई?"

त्या 'का न्हाई'मध्ये सगळं आलं होतं. पुढची जत्रा आली, बाकीची गावं आली, तांबट आळीतलं दुकान आलं. कॅमेऱ्यात फोटो पुसायचं बटणही असतं, बोटाखालीच. अंधारलं होतं, आला नाही म्हणाली असती तर कुणी विचारलं नसतं.

शैलानं पट्टा गळ्यातून काढला आणि कॅमेरा पंचाच्या हातात दिला. "बघा. मी काही बोलत नाही."

पंचांनी डोकी जोडली. एकानं खिशातून चष्मा काढला. काडेपेटीएवढ्या पडद्यावर शैलानं फोटो मोठा करत नेला. दिग्विजयचे दोन्ही खांदे मातीत, इतके स्वच्छ की डाव्या खांद्याखालून उडालेली ढेकळं मोजून घ्यावीत. दिग्विजय स्वतः वाकून बघत होता. "चितपट हाय आज्जा," तो म्हणाला आणि संभाजीचा हात धरून वर केला. पोरगं बदामावर वाढलेलं असलं तरी मातीतलंच.

गदा इंदापूरला गेली. अण्णा शैलाला एवढंच म्हणाले, "फुडच्या साली बगू." आमच्या बोलीत त्याचा अर्थ नाही असा होतो.

चार-आठ दिवसांनी शैला फोटो द्यायला अण्णांच्या घरी आली. संभाजीचा विजयाचा फोटो वर होता. अण्णांनी तो न बघता बाजूला सारला. खालचा हातात आला तो भलताच. पीठ उडाल्यासारखा, फुटलेला, लांबून घेतलेला. पण ओळखू येत होतं. आखाड्याच्या मधोमध फेटा सुटलेले अण्णा, आणि पायात कोल्हापुरी वहाणा. मारुतीच्या मातीत, वहाणांसकट. आणि कोपऱ्यात, काठाच्या बाहेर, अनवाणी बसलेली शैला.

"ह्यो कुनी काडला?"

"म्या," स्वयंपाकघरातून मुक्ताई म्हणाली. "लई सोपं हाय. बटन दाबलं की मानूस जवळ येतंय."

अण्णांनी फोटो पालथा घातला. "दुसऱ्या कुनाला दावलाय?"

"गच्चीवरच्यांना," मुक्ताई म्हणाली. "तेवड्याच."

म्हणजे सगळ्या गावाला.

त्या साली वेशीत संभाजीचा फ्लेक्स लागला. खाली उताणा पडलेला अण्णांचा नातू, डाव्या खांद्यासकट. अण्णा रोज त्याच्याखालून जात. कापा म्हणाले नाहीत, झाका म्हणाले नाहीत. ही गोष्ट अण्णांच्या बाजूनं मांडली पाहिजे.

पुढच्या जत्रेला शैला आली ती सवयीनं शाळेच्या गच्चीवर चढली, आणि अण्णांनी हाक मारली तशी खाली आली. आखाड्याच्या काठाला, रंगराव बसायचा तिथं, नवंकोरं पोतं अंथरलेलं होतं. अण्णा जवळ उभे. वहाणा हातात.

"हितं बस," ते म्हणाले. "आनि औंदा सत्कार कुस्तीच्या मागनं हायेत. उजेडात लावतो समदं."

"बरं," शैला म्हणाली. तिला ह्यापेक्षा जास्त बोलता येत नाही, बापावर गेलीय.

ती बसली. अण्णा जरा खाली वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "एक ऐक. त्यो लांबचा कॅमेरा त्या म्हातारीच्या हातात देऊ नगं."

शैलानं गच्चीकडं बघितलं. कठड्यावर कोपर टेकून मुक्ताई उभी होती, आणि काळी सोंड बरोबर अण्णांवर रोखलेली होती.

"दिला आधीच," शैला म्हणाली. "फेटा नीट करा अण्णा."