सुभद्राबाईंचे चारशे घोडे

देवासला राज्यं दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. सुभद्राबाई धाकट्या पातीच्या खोगीर शिवणाऱ्या जीनगरांची लेक. लग्न होऊन त्या थोरल्या पातीच्या जीनगरांकडे, दत्ताजींकडे आल्या. अठ्ठेचाळीस साली दोन्ही राज्यं मध्यभारतात विलीन झाली, पागा रिकाम्या झाल्या आणि दत्ताजी शाळेची दप्तरं शिवू लागले.

एकदा उरलेल्या कातड्याचा वीतभर घोडा करून, आत भुसा भरून, सुभद्राबाईंनी नातीला दिला. दत्ताजींना राहवलं नाही. "बिनखोगिराचा घोडा शोभतो होय?" म्हणत त्यांनी त्याला अस्सल खोगीर चढवलं, रिकीब, लगाम, सगळं.

पंचावन्न साली उद्योग खात्याचे निरीक्षक नीलकंठराव कारागिरांची नोंद घ्यायला गल्लीत आले. दप्तरं राहिली बाजूला, त्यांनी तो घोडाच मांडीवर घेतला. खोगीर काढलं, चढवलं, पुन्हा काढलं.

"बाई, हा दिल्लीच्या प्रदर्शनात पाठवतो. सरकारला असला माल परदेशी विकायचाय."

दत्ताजी हसत सुटले. "साहेब, तिकडे घोडे नाहीत का?"

पाच महिन्यांनी नीलकंठराव सायकलवरून ओरडतच आले. जर्मनीच्या व्यापाऱ्याला चारशे घोडे हवे होते, खोगिरासकट!

सुभद्राबाई कणकेच्या हातांनीच गल्लीभर धावल्या. "चारशे! अगं बाई, चारशे!"

"कंई हुयो, काकी?" मालवी शेजारीण घाबरून बाहेर आली.

"घोडे हुए!" एवढंच त्यांना सुचलं.

खात्यानं दोन शिलाई यंत्रं दिली, कातडं दिलं, अठरा बायकांना शिकण्याचा भत्ता मंजूर केला. ओसरीवर घोडे, माळ्यावर घोडे, तुळशीपुढे घोडे. पाहुणा आला तर आधी घोडे उचलायचे, मग पाट मांडायचा. भांडण एकच झालं.

"घोड्यानं मान ताठ ठेवावी," दत्ताजी म्हणाले. "थोरल्या पातीची तशी रीत."

"अहो, आमच्या धाकटीचे घोडे मान वाकवून चालायचे. काय डौल होता!"

दोन दिवस दोघं आपापल्या रीतीच्याच माना शिवत राहिले. शेवटी नीलकंठरावांनीच निवाडा केला: दोनशे ताठ, दोनशे वाकडे. अठराही बायका हसून हसून लोळल्या.

खोकी मुंबईच्या बंदराला निघाली तेव्हा सुभद्राबाई हट्टानं ट्रकात चढून बसल्या. घाटाखाली धामनोदपर्यंत तरी पोचवायचंच म्हणाल्या. वळणावळणावर ड्रायव्हरला सांगत होत्या, "भिया, धीरे! अंदर घोडे हैं."

धामनोदच्या ढाब्यावर ड्रायव्हरनं बाईंकडे बघून डोळे मिचकावले आणि मालकाला सांगितलं, "गाडी में चार सौ घोडे हैं." मालक खरंच गवताचा भारा आणि पाण्याची बादली घेऊन धावत आला. सुभद्राबाईंना हसू आवरेना; खाटेवर बसल्या, पदर तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी. ड्रायव्हरनं एक खोकं उघडून दाखवलं, तेव्हा सगळा ढाबा जमला. मालकानं एक घोडा तळहातावर नाचवून बघितला आणि चहा फुकट पाजला.

ट्रक नर्मदेकडे उतरला. बाई हात हलवत राहिल्या, मग उलट्या दिशेच्या बसमध्ये बसल्या आणि शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाल्या, "तुम्हाला शिवता येतं का हो? आम्हाला अजून माणसं लागणार आहेत."