मावसाजींनी पसंत केलेली गाडी

दुसऱ्याच्या घरी नवी वस्तू येणार म्हटलं की स्वतःची झोप उडते असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच, आणि तो अकोल्यात राहतो. नात्याने ते माझे मावसाजी, म्हणजे सख्ख्या मावशीचे यजमान. नोकरी सगळी बडनेऱ्याला रेल्वेत झाली. निवृत्त होऊन अकोल्यात घर बांधलं आणि तेव्हापासून त्यांचा पूर्णवेळ उद्योग एकच, लोकांबरोबर दुकानात जाणं. गल्लीत कोणाला फ्रिज घ्यायचा असो की कोणाच्या लेकीला लग्नात कपाट द्यायचं असो, मावसाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून घरच्या माणसांच्याही आधी चौकात उभे. फ्रिजचं दार उघडून, आत डोकं घालून, "थंडी मस्त येऊन राह्यली" असा निकाल द्यायचे. दुकानदार हळूच सांगायचा, की काका, तो अजून चालू केलेला नाही. शेजारचे रहीमचाचा सुतार. त्यांनी रंधा मारायचं विजेचं यंत्र आणलं तेव्हा पेढे वाटले मावसाजींनी. स्वतःच्या बाबतीत मात्र सगळा आनंद. मावशी म्हणते, "याईले सोताच्या चपला आणाले पाठवलं, तर दुसऱ्याच्या पायाले बसणाऱ्या घेऊन येतात!"

मोटारसायकल हा त्यांचा सगळ्यात लाडका विषय, आणि ती त्यांनी उभ्या आयुष्यात कधी चालवलेली नाही. बडनेऱ्याचं क्वार्टर स्टेशनसमोर, तेव्हा गरजच पडली नाही. पण मागच्या सीटवर बसून गाडी चालवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकणार नाही. डाव्या बरगडीत बोट खुपसलं की डावीकडे वळायचं, उजव्या बरगडीत खुपसलं की उजवीकडे, आणि दोन्हीकडून एकदम दाबलं की समजायचं, पुढे गाय आहे. अशा थाटात ते एकदा माझ्या बाबांच्या मागे बसून कौंडण्यपूरच्या यात्रेला निघाले होते. वाटेत समोरून कोणाचा तरी कोरा करकरीत लाल ट्रॅक्टर आला, झेंडूच्या माळा घातलेला. मावसाजींना राहवेना. जाणाऱ्या ट्रॅक्टरकडे पाहण्यासाठी ते असे काही वळले, की गाडी, बाबा आणि मावसाजी तिघंही रस्त्याखालच्या तुरीच्या वावरात. मावसाजींना खरचटलंसुद्धा नाही. उठून बसले आणि म्हणाले, "कंपनी चांगली हाये, साडूभाऊ." बाबांचं मनगट मोडलं होतं. हाताला प्लास्टर घालून घरी आलेल्या बाबांनी जाहीर केलं, की आपल्या घरातली पोरगी आता गाडीच्या हँडलला हात लावणार नाही. पडले दोन साडू, आणि बंदी आली माझ्यावर, हा न्याय मला तेव्हाही कळला नव्हता.

पुढे मी नर्सिंग केलं, जपानी भाषा शिकले आणि जपानच्या एका डोंगराळ गावात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या केंद्रात नोकरीला लागले. मला ते गाव फार आवडलं. चहाचे मळे, स्वच्छ नदी, आणि केंद्रातल्या आज्या मला त्यांच्या लहानपणची गाणी शिकवायच्या. एकच अडचण होती. केंद्र डोंगरावर, माझी खोली खाली नदीकाठी, आणि संध्याकाळची शेवटची बस माझी कामाची पाळी संपायच्या आत निघून जायची. मग मी विजेरी घेऊन पायी उतरायची. त्या रस्त्यावर रानडुकरं येतात. केंद्राच्या प्रमुख बाईंनी एकदा समोर बसवून सांगितलं, "असं फार दिवस चालणार नाही. वाहनाची सोय करा, नाहीतर मला तुम्हाला शहरातल्या केंद्रात पाठवावं लागेल." कार मला झेपणारी नव्हती. गावात सगळे जण लहान मोटारसायकली वापरत. मी मावशीला फोनवर हे सहज बोलून गेले आणि फोन ठेवते न ठेवते तोच मावसाजींचा फोन.

"जय भीम, बेटा! रंग कोणता घेऊन राह्यली?"

"जय भीम, मावसाजी. अजून तर गाडीच ठरली नाही. मले तं चालवताही येत नाही."

"चालवनं कायचं, ते तं कोनीबी चालवते," उभ्या जन्मात हँडल न धरलेले मावसाजी म्हणाले. "निवडनं महत्त्वाचं! माह्याबिगर दुकानात जाजो नको."

आणि खरंच, सुटीच्या दिवशी मी गावातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानात गेले ती मावसाजींना फोनच्या पडद्यावर घेऊन. दुकानाचे मालक लोकरी टोपी घातलेले एक शांत आजोबा होते. मावसाजींनी त्यांच्याशी थेट वऱ्हाडीत सुरुवात केली. "राम राम भाऊ! गाडी घरचीच समजून दाखवजा." आजोबांनी वाकून जपानीत उत्तर दिलं, की आज हवा छान आहे. मावसाजी मला म्हणाले, "पाय, मानूस इमानदार हाये." पुढचा सगळा वेळ दोघं आपापल्या भाषेत बोलत होते आणि एकमेकांना माना डोलावत होते. मी मधे दुभाष्याचं काम करायला गेले, तर मावसाजी म्हणाले, "तू मंधात नको बोलू."

पहिली गाडी उंच होती. मी वर बसले तर पाय हवेत. मावसाजींना ती पसंत पडली, कारण "उंचावरून रस्ता चांगला दिसते." दुसरी काळी, गोल दिव्याची, देखणी, तिच्यावर माझाच जीव जडला होता, पण वजनाने ती मला उभीसुद्धा धरवेना. मावसाजींना तीही पसंत पडली. तिसरी कोपऱ्यात होती. ठेंगणी, हिरवी, पायांपुढे पांढरा पत्रा असलेली, पूर्वी कोणी तरी घरोघर दूध पोचवायला वापरलेली. हाताने क्लच दाबायची भानगड नाही, आणि बसले तर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले. मी फोन तिच्याकडे वळवला. मावसाजींनी चेहरा पडद्याला अगदी चिकटवला.

"मावसाजी, दिसते ना?"

"नाई दिसत, बेटा. तू सांग ना मले कशी हाये."

त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू होता हे मला माहीत होतं. नजर किती गेली होती, हे मात्र त्या दुकानात उभी असताना कळलं. पहिल्या दोन गाड्याही त्यांनी माझ्या बोलण्यावरूनच पसंत केल्या होत्या. मग मी त्यांना तिसरी गाडी सगळी सांगितली. हिरवा कसा, तर मुगाच्या कोवळ्या शेंगेसारखा. दिवा चौकोनी. सीटवर एक चीर, तिला काळी पट्टी लावलेली. मालकांनी किल्ली फिरवली, मी फोन इंजिनाजवळ धरला. मावसाजींनी कान देऊन ऐकलं आणि ओरडले, "घे! हेच घे! कशी बोलून राह्यली पाय!" दुकानाच्या आजोबांना मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण ते हसायला लागले. इतका आनंद पाहून मलाही एकदम वाटायला लागलं, की ही माझी गाडी आहे. घरी चालत येताना मी उगाचच अंगठ्याने हवेतला हॉर्न वाजवत होते.

संध्याकाळी बाबांना फोन केला. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही." वर म्हणाले, "तिथं पाय मोडला तर पाणी द्यायले कोन हाये तुह्याजवळ?" बाबांचा शब्द मोडून गाडी घ्यायची, तर तिच्यावर बसताना रोज मनात काटा राहिला असता. मी मावसाजींना सांगितलं, राहू द्या, मी शहरात जाईन.

पुढे काय झालं ते मला आईने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावसाजी मावशीला "चौकातून येतो" म्हणून निघाले आणि एकटेच आमच्या अमरावतीच्या एसटीत बसले. उतरायचं कुठे ते कंडक्टरला विचारत, घर कुठे ते रिक्षावाल्याला विचारत, दुपारी आमच्या दारात हजर. आल्या आल्या सोफ्यावर बसून घोषणा केली, की पोरीच्या गाडीचा निकाल लागेपर्यंत या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. आईने नेमकी बेसनाच्या पातोडीची भाजी केली होती. तिच्या रश्श्याचा वास बाहेर आला तसे मावसाजी चुळबुळ करायला लागले, आणि शेवटी म्हणाले, "पान्याचं बोललो होतो मी. भाकरीचं काई बोललो नोतो." बाबा हसले. मग त्यांना ताटातलं एकेक सांगत जेवायला बसवता बसवता बाबांनी विचारलं, "तुमाले दिसत नाई, तं एकटे काहून आले, भाऊ?"

मावसाजींचा घास हातातच राहिला. "साडूभाऊ, पोरगी तिथं अंधारात डोंगर उतरते. एकटी. पायानं. लोकाईले वाटते, त्यात काय एवढं. अंधारात पाऊल टाकनं काय असते ते मले आता रोज समजून राह्यलं. त्या गाडीले दिवा हाये. घेऊ द्या तिले."

बाबा उठले. हात धुऊन त्यांनी मला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "हेल्मेट चांगलं घेजो."

मग मी गाडी शिकायला लागले. तिथल्या परीक्षेत एका अरुंद, लांब फळीवरून गाडी हळूहळू न्यावी लागते. चाक खाली उतरलं की परीक्षा तिथेच संपली. मी हे वर्णन करताच मावसाजींनी रहीमचाचांकडून एक फळी मागवून अंगणात टाकली आणि मावशीच्या खांद्यावर हात ठेवून तिच्यावरून स्वतः चालून पाहिलं. मावशीचा फोन आला, "आता यांच्या परीक्षेचं पाय! रोज सकाळी सर्कस चालली." पहिल्या वेळी माझं चाक घसरलं आणि मी नापास झाले. डोळ्यांत पाणी घेऊन फोन केला, तर मावसाजी ठामपणे म्हणाले, "फळीच वाकडी असन." दुसऱ्या वेळी मी पार झाले. शिकवणारे मास्तर वाकून "अभिनंदन" म्हणाले तेव्हा मी त्यांना इतक्या वेळा उलट वाकून दाखवलं, की शेवटी तेच थांबले.

पहिल्या दिवशी मी हिरवी गाडी घेऊन केंद्राच्याही वर, घाटाच्या माथ्यावर गेले. हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्याने हसत होते. वर गाडी लावून मावसाजींना फोन केला. ते म्हणाले, "सांग, काय दिसून राह्यलं?" मी सांगितलं: चहाच्या रांगा, खाली नदी, एका घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्या, आणि लांब टोकाला समुद्राची एक पातळ रेघ. ते मधे मधे "हाव... हाव..." म्हणत होते. संध्याकाळपर्यंत अकोल्याच्या त्या गल्लीत सगळ्यांना कळलं होतं, की मावसाजींच्या गाडीवरून समुद्र दिसतो.

तेव्हापासून सुटीच्या दिवशी मी कुठे ना कुठे जाते आणि तिथून फोन करते. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. गल्लीतले लोक खरेदीला निघताना त्यांना हाक मारतात, पण ते हल्ली "तुमी जाऊन या" म्हणतात. परवा मी एका जुन्या पुलावर उभी होते. म्हटलं, "मावसाजी, एकदा या ना इकडे. मागं बसवून सगळं फिरवते."

"मी येऊन काय पाहू, बेटा?" ते म्हणाले. आणि लगेच विचारलं, "पुलाखाली पानी हाये का?"

"हाये."

"कसं हाये?"

मी कठड्यावरून वाकून पाहिलं आणि सांगायला लागले.