वेल्डामावशीच्या शेंगांच्या बरण्या

वेल्डा स्टिल्टनर शनिवारच्या बाजारात पहिल्यांदा आली, तेव्हा सरळ माझ्या टेबलाशी आली नाही. आधी तिनं मैदानाला दोन चकरा मारल्या, कोण कोण आलंय ते बघून घेतलं आणि माझ्यापुढची रांग संपल्यावर येऊन कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

"हे इथं चालतं म्हणे," ती म्हणाली. "मोठ्यानं बोलू नकोस."

गरिबांना खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते फूड स्टॅम्पचं कार्ड मशीनमधून फिरवायचं आणि बाजारात पैशांसारखी चालणारी लाकडी टोकनं द्यायची, हे माझं काम. कागदी स्टॅम्प जाऊन कार्ड आलं त्याला जमाना झाला, पण आमच्या पूर्व केंटकीत लोक अजून स्टॅम्पच म्हणतात. कार्डावर जितकी टोकनं घ्याल तितकीच हिरवी टोकनं वर फुकट मिळायची, ती फक्त ताज्या फळांना आणि भाजीला चालायची. मी हे सांगितलं तर तिनं हिरवी टोकनं माझ्याकडे परत सरकवली.

"फुकटचं नको. मागाहून कुणीतरी विचारायला येतं."

"कुणी येत नाही, मावशी."

"तुला काय माहीत? तू जन्मली नव्हतीस तेव्हा."

तिला सगळं गाव मावशी म्हणायचं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं सव्वीस वर्षं काढली होती. आमच्यापैकी निम्मे तिच्या हातची मक्याची भाकरी खाऊन वाढलो. मग पाठ गेली, खाणीच्या धुळीनं नवराही गेला आणि ती घळीच्या वरच्या टोकाला एकटी राहू लागली. ती कशाला भ्यायची ते तिनं मला फार नंतर सांगितलं. ती लहान असताना तिच्या आईला सरकारी मदत मिळायची, आणि ऑफिसातला एक माणूस महिन्यातून एकदा येऊन, बाहेरून आणखी काही मिळतंय का ते घरातली कपाटं उघडून बघायचा. मामानं आणून दिलेलं मांस आई त्या दिवशी गादीखाली लपवायची आणि पोरांना गादीवर बसवायची. हलायचं नाही, असं बजावून.

जुलैपर्यंत तिची भीड जरा चेपली. ती दर शनिवारी यायला लागली, हिरवी टोकनंही घेऊ लागली. शेंगा घ्यायची ती शेतकरी अर्डेल कोम्ब्सकडून. एक शेंग मोडून बघायची आणि तोंड वाकडं करायची.

"कोवळ्या तोडल्यास. आत दाणाच नाही. शहरवाल्यांना वीक असल्या."

"दाणा पाहिजे तर आठ दिवसांनी ये, मावशी," अर्डेल म्हणायचा. "तोवर मीही जून होतो."

ऑगस्टमध्ये शेंगा दाण्यांनी भरल्या. तिनं दोन टोपल्या नेल्या, वर पीचही नेले. शिरा काढून, शेंगा मोडून, तिनं सगळं हिवाळ्यासाठी बरण्यांत भरलं आणि मोठ्या कुकरमध्ये शिजवून झाकणं पक्की केली. चाळीस बरण्या झाल्या. शेजारचा डेल्मर तिला तासभर लांबच्या दवाखान्यात गाडीतून न्यायचा, त्याला तिनं सप्टेंबरात सहा दिल्या. डेल्मर नको नको म्हणाला, पण घेतल्या, आणि निघताना साखरेच्या भांड्याखाली वीस डॉलरची नोट ठेवून गेला. तिला ती दुसऱ्या दिवशी सापडली. परत द्यायला गेली तर त्यानं हसून दार लावून घेतलं.

त्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिच्या ओळखीची लुवेना तिला म्हणाली, "स्टॅम्पच्या शेंगा विकायला लागलीस म्हणे. डेल्मर सांगत होता." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या चुलतभावाच्या बायकोनं हेच केलं. कार्ड तर गेलंच, वर कोर्टात उभं केलं तिला."

लुवेना अर्धी थट्टा करत होती, असं ती आज सांगते. गुरुवारी काउंटीच्या स्टॅम्प देणाऱ्या ऑफिसचं जाड पाकीट आलं. मावशीनं ते उघडलं नाही.

ती बाजारात दिसेना. पीच संपले, सफरचंदं आली. पहिल्या शनिवारी मला वाटलं, पाठ दुखत असेल. दुसऱ्या शनिवारी अर्डेलनं तिच्यासाठी भरलेल्या शेंगांची पिशवी बाजूला ठेवली, ती तशीच परत नेली. तिसऱ्या शनिवारी टेबल आवरून मी थेट वर तिच्या घरी गेले.

भर दुपारी पडदे ओढलेले होते. धुराड्यातून धूर नव्हता, आणि हवेत तर चांगलाच गारठा होता. मी दार वाजवलं. दाराला कान लावला तर पलीकडे अगदी जवळ कुणाचा तरी श्वास ऐकू आला.

"मावशी, मी मर्ना आहे. बाजारातली."

बऱ्याच वेळानं साखळी निघाली. मावशी अर्धी झाली होती. गुडघ्याला फडकं गुंडाळलेलं होतं.

"गाडीत आणखी कुणी आहे?"

"कुणी नाही."

"नक्की?"

मला आत घेऊन तिनं पुन्हा साखळी लावली. घरात थंडी मुरली होती. चूल पेटवली की धूर दिसतो आणि धूर दिसला की घरात माणूस आहे हे कळतं, म्हणून तिनं चूल पेटवली नव्हती. गाडीचा आवाज आला की ती न्हाणीघरात जमिनीवर बसायची, कारण तिथं खिडकी नव्हती. एकदा मीटर बघायला आलेला माणूस घराला फेरी मारून गेला, त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत तिथून उठली नाही. बरण्या तिनं टेकडीवरच्या ओसाड घरातल्या कोळशाच्या खोलीत नेऊन लपवल्या होत्या, एका वेळी दोन-दोन. त्यातच एकदा घसरून पडली.

"डेल्मरची नोट बघ," ती म्हणाली, आणि तिनं टेबलाच्या खणातून एक पाकीट काढलं. त्यावर त्याचं नाव आणि तारीख घातली होती. "मोडलेली नाही. ते आले की दाखवीन."

खरं सांगायचं तर, नियम मला तरी कुठं नीट ठाऊक होता. टोकनं तर मीच मोजून दिली होती.

ऑफिसचं पाकीट पिठाच्या डब्याखाली होतं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि मी ते फोडलं. आत दरवर्षीचा फॉर्म होता, पत्ता, भाडं, विजेचं बिल एवढंच विचारणारा. मुदत मात्र चार दिवसांपूर्वीच संपली होती. कार्ड बंद होणार होतं.

"म्हणजे त्यांना माहीत नाही?" तिनं विचारलं.

"नाही. आणि आपण सांगायचंही नाही."

नवा अर्ज भरला. बारा दिवसांनी फोनवर मुलाखत होती. मी तिच्याशेजारी बसले. पलीकडची बाई खोकत खोकत एकेक प्रश्न विचारत होती आणि मावशी शाळेतल्या पोरीसारखी ताठ बसून उत्तरं देत होती. शेवटी त्या बाईनं विचारलं, "आणखी काही सांगायचंय का?"

मी मान हलवून नाही म्हणत होते. मावशीनं माझ्याकडे बघितलं आणि सगळं सांगून टाकलं, शेंगा, सहा बरण्या, नोट.

मावशीनं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली.

"त्यांनी न विचारता पैसे ठेवले?" पलीकडच्या बाईनं विचारलं.

"हो, बाई."

"तर परत करून टाका. आणि स्टॅम्पवर घेतलेलं विकायचं नसतं, एवढं लक्षात ठेवा." मग कागद उलटल्याचा आवाज आला. "पाणीपट्टी वेगळी भरता की भाड्यात?"

तिनं फोन ठेवला. मग उठून चूल पेटवली.

कार्ड चालू व्हायला नोव्हेंबर संपत आला. तोवर तिनं लपवलेल्या बरण्यांवर दिवस काढले. मी आणि डेल्मरनं त्या टेकडीवरून उतरवून आणल्या. त्यानं नोट परत घेतली, तेव्हा त्याला मान वर करता येत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात ती बाजारात आली. टोकनं घेतली, हिरवीसुद्धा. शेंगा मात्र ओंजळभर घेतल्या. अर्डेलनं डागी पीचची टोपली पैसे न घेता पुढे केली, तर ती दोन पावलं मागे सरकली.

"या वर्षी बरण्या किती?" मी विचारलं.

"बरण्या नाहीत. आठवड्यात संपेल तेवढंच घ्यायचं."

डेल्मर अजून तिला दवाखान्यात नेतो. ती त्याला आता काहीच देत नाही, आणि उतरताना दर वेळी रिकाम्या हातांनी आल्याबद्दल त्याची माफी मागते.