मांडवातली शाळा

अध्यक्षांनी कुणाला 'नाही' म्हटल्याचं मी माझ्या तिथल्या सगळ्या नोकरीत ऐकलं नाही. माणूस दारात येऊन उभा राहिला, खांद्यावरचा दुपट्टा सारखा करत "अध्यक्ष, जरासं काम होतं" म्हणाला, की यांचं "घेऊन जा ना बापा" ठरलेलं. काय हवंय हे तो सांगायच्या आधीच परवानगी मिळालेली असायची. दिलदार माणूस म्हणून कौतुक करायला माझी काही हरकत नव्हती. पण न्यायची ती वस्तू यांच्या घरची नसायची, आमच्या शाळेची असायची. बेंच, सतरंज्या, माइक, पाण्याची टाकी, मैदान, आणि लग्नसराईत तर सरळ वर्गखोल्याच.

भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यातलं गाव. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पण तूर आणि हरभरा झकास. तिथे जिल्हा परिषदेचं हायस्कूल, आठवी ते दहावी. मी गणिताचा मास्तर, अमरावतीहून रोज मोटरसायकलने जाणारा. अध्यक्ष म्हणजे शाळेच्या समितीचे अध्यक्ष. पुढे समिती बदलली, नवे गृहस्थ आले, पण गावाने त्यांना त्यांच्या नावाने हाक मारली आणि अध्यक्ष हेच राहिले. शाळेची जादा किल्लीही यांच्याच कमरेला राहिली. हेडमास्तरांनी ती एकदा मागून पाहिली. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "घेऊन जा ना बापा," आणि चहा पाजून त्यांना किल्लीशिवाय परत पाठवलं. म्हणजे नाही म्हणायची हीदेखील एक रीत होती म्हणा.

मी रुजू झालो त्या दिवशी दहावीच्या वर्गात वांगी चिरणं चाललं होतं. फळ्याखाली चूल नव्हती एवढंच. मी विचारलं, हे काय आहे? तर काटकुळा, उंच, पांढऱ्या पायजम्यातला एक म्हातारा पुढे आला आणि म्हणाला, "तेरवी हाय सर. तुमी बी जेवूनच जाजा." मुलं कुठे आहेत विचारलं, तर मुलं पाणी भरत होती. मी म्हणालो, अहो ही शाळा आहे. त्यावर अध्यक्षांनी मला त्यांचं ते आवडतं वाक्य पहिल्यांदा ऐकवलं, "शाळा गावाची हाय सर. सरकारची तं फक्त पाटी हाय." वांग्याची भाजी फार चांगली झाली होती, आणि ती खाताना माझा राग आणखीनच वाढत गेला.

पुढे याची सवय होईल असं वाटलं होतं, पण झाली नाही. मैदानावर तूर वाळत घातलेली असल्यामुळे खेळाच्या तासाला मुलं शेळ्या हाकलायची. जेवणाची बोलावणी आमच्या माइकवरून व्हायची, तीही नेमकी मी समीकरणं शिकवत असताना. दहावीच्या सराव परीक्षेच्या सकाळी आलो तर वर्ग रिकामा, एकही बेंच नाही. ते आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टरमध्ये बसून कुणाच्या तरी साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेले होते. मुलांनी जमिनीवर पालथं पडून पेपर लिहिला. मी अध्यक्षांच्या घरी जाऊन तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "बेंच गेले म्हून गणित गेलं का सर?" मी दार आपटून निघून आलो.

आता एवढं सगळं असून या माणसाला मी शिव्या का दिल्या नाहीत, असं कुणी विचारेल. दिल्या, पण मनापासून देता येत नव्हत्या. कापूस फुटला की आमच्या वर्गातल्या मुली दिसेनाशा व्हायच्या. मी हजेरी घ्यायचो आणि हताश व्हायचो. अध्यक्ष मात्र सकाळीच शेताशेताने फिरायला निघायचे. एकदा एका बाईने मुलगी सोडायला साफ नकार दिला. वेचायला माणूस मिळत नाही, तुम्ही द्याल का आणून, म्हणाली. अध्यक्षांनी त्या मुलीच्या कमरेची कापूस वेचायची ओटी सोडवली, स्वतःच्या कमरेला बांधली आणि कपाशीच्या ओळीत उभे राहून बोंडं वेचायला लागले. मुलगी माझ्या तासाला धापा टाकत आली आणि हसू आवरत तिने हे सांगितलं. संध्याकाळी घरी जाताना मी पाहिलं, तर म्हातारा अजून त्या शेतातच होता. त्या बाईला इतकी लाज वाटली, की त्या हंगामात तिने मुलीला पुन्हा घरी ठेवलं नाही.

हे पाहून मला जरा आशा वाटली. मी एका दुपारी त्यांना समोर बसवलं आणि म्हणालो, अध्यक्ष, तुमचं वजन आहे गावात, तर नाही म्हणायला शिका. शाळा शिकवण्यासाठी आहे, पंगतीसाठी नाही. त्यांनी दुपट्ट्याने मान पुसली. मग म्हणाले, "नाही म्हनाले काय लागते सर, तोंड लागते. मंग त्याच तोंडानं म्या त्याच्या दारात कसा जाऊ, का पोरगी शाळंत धाड म्हून?" त्यांचा हिशोब असा होता. गावाला बेंच द्यायचे, माइक द्यायचा, मांडवाला जागा द्यायची आणि त्याबदल्यात गावाकडून पोरं मागायची. या एका तत्त्वावर त्यांनी ती शाळा इतकी वर्षं चालवली होती.

कधीकाळी तो हिशोब जमतही असेल. पण माझ्या डोळ्यांदेखत गावात पिवळ्या गाड्या यायला लागल्या. सकाळी कॉन्व्हेंटची गाडी पारापाशी हॉर्न वाजवायची आणि गळ्यात टाय बांधलेली चिल्लीपिल्ली त्यात चढायची. थोड्याच वर्षांत पोरं कॉन्व्हेंटला आणि लग्नं आमच्याकडे अशी वाटणी झाली. अध्यक्षांना ती दिसत नव्हती असं नाही. पण ज्याचा मुलगा पिवळ्या गाडीत चढला, त्याच्याच घरच्या बारशाला यांनी दुसऱ्या दिवशी सतरंज्या दिल्या. माझा जळफळाट व्हायचा. ते म्हणायचे, येईल की लहाना आपल्याकडं. लहाना कधी आला नाही.

त्यांची नात मयुरी आमच्याकडेच होती. अध्यक्षांचा मुलगा गावातच बी-बियाणं आणि खतांचं दुकान चालवायचा, हातात चार पैसे होते. मुलीला कॉन्व्हेंटला घालायचं म्हणून तो बापाशी कितीदा तरी भांडला. अध्यक्षांनी ऐकलं नाही. आपलीच पोरगी पिवळ्या गाडीत बसली तर गावाला कुठल्या तोंडाने सांगू, एवढंच त्यांचं म्हणणं. मुलगा शेवटी म्हणाला, ठीक आहे, पण ही शाळा बंद पडली तर तिचं शिक्षणही तिथेच थांबेल, मग मला बोलायचं नाही. मयुरी त्या वेळी नववीत होती. बाहेर बँड वाजत असताना पुस्तकातलं पुढचं गणित विचारणारी ती एकटीच पोरगी. तिला दहावी करून अमरावतीला शिकायला जायचं होतं, आणि हे तिने आजोबांच्या आधी मला सांगितलं होतं.

त्याच वर्षी कळलं, की पट कमी म्हणून आमची नववी-दहावी तालुक्याच्या शाळेत हलवणार. विस्तार अधिकारी येऊन गावाचं म्हणणं ऐकतील आणि मग निर्णय होईल. अध्यक्षांनी घरन् घर पालथं घातलं. सगळ्यांनी त्यांना "हो अध्यक्ष, येतो ना" म्हटलं. इतक्या वर्षांत यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं, तेव्हा यांना तरी कोण नाही म्हणणार. मलाही पहिल्यांदाच वाटलं, की म्हाताऱ्याचा हिशोब कदाचित बरोबर असेल.

अधिकाऱ्यांची तारीख कळली तेव्हा मी हादरलो. त्या दिवशी शाळेच्या मैदानात लग्न होतं. अध्यक्षांनी मैदान आधीच देऊन टाकलं होतं. मी धावत गेलो, म्हणालो, हात जोडतो, त्यांना मारुतीच्या मंदिरात मांडव टाकायला सांगा. अध्यक्ष माझ्याकडे बघून चक्क मिश्कील हसले. म्हणाले, "काहून घाबरता सर? सारं गाव आयतंच तठी असन. सायेब येईन तं त्याले गर्दी दिसन." गावाला बोलावून गाव येतं की नाही ही चिंता कशाला, गाव जेवायला येणारच आहे. पंगत उठली की सगळ्यांना सतरंजीवर बसवायचं आणि साहेबांपुढे बोलायचं. या युक्तीवर ते इतके खूश होते, की बायकोने पाहायला हवं होतं, असंही म्हणाले. ती बिचारी मी येण्याआधीच गेली होती.

साहेब आले तेव्हा डीजे लागला होता. फाटकातच त्यांना कुणीतरी टिळा लावला, वऱ्हाडी समजून. आठवीच्या वर्गात नवरी बसली होती आणि नववीत बुंदीचं पातेलं. गर्दी भरपूर होती, पण ती सारी नवरदेवाकडची, मोर्शीकडून आलेली. त्यांना आमच्या शाळेचं काय सोयरसुतक. आपल्या गावचे लोक वाढण्यात गुंतले होते. अध्यक्ष एकेकाचा हात धरून त्याला सतरंजीकडे आणत होते. तो "आलोच" म्हणत होता आणि जिलबीचं ताट घेऊन पुन्हा मांडवात जात होता. शेवटी साहेबांनी नवरीच्या बापालाच विचारलं, की आपली मुलं कुठे शिकतात. त्या भल्या माणसाने छाती फुगवून सांगितलं, धाकटा कॉन्व्हेंटला आहे. अध्यक्ष शेजारीच उभे होते. साहेबांनी आग्रहाखातर दोन घास खाल्ले, शाळेचं मंगल कार्यालय छान झालंय म्हणाले, आणि गेले.

मला त्या दिवशी रडू आलं आणि ते रागाचं होतं. अध्यक्ष संध्याकाळी एकटेच मांडवाखालच्या पत्रावळी गोळा करत होते. जून उजाडण्याआधी आदेश आला.

मला त्याच तालुक्याच्या शाळेत पाठवलं, त्यामुळे पुढचं मला दिसलं. आमच्या नववीतल्या बऱ्याच मुलींची नावं तिथल्या हजेरीत आलीच नाहीत. कुणाच्या घरच्यांना बसने एकटीला धाडायचं नव्हतं, कुणाला धाकटं भावंड सांभाळायला ठेवलं. मयुरीच्या बापाने आपला शब्द खरा केला होता. त्याला सकाळी दुकान होतं आणि एकटी पोरगी एस.टी.ने जाणार नाही, यावर तो ठाम होता. घरात काय झालं ते मयुरीने मला सांगितलं. आजोबा भांडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "म्या जातो तिच्यासंग." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुपट्टा खांद्यावर टाकून बसमध्ये बसले.

आमच्या गावची बस सकाळी येते ती थेट संध्याकाळी परत जाते. तोवर म्हाताऱ्याने जायचं कुठे? ही शाळा मोठी, शिस्तीची. मुख्याध्यापिका बाई फार कर्तबगार. पालकांनी फाटकाबाहेर थांबायचं, असा इथला नियम आहे आणि तो सर्वांना सारखा आहे. फाटकाबाहेर एका पंक्चरवाल्याचं टिनाचं दुकान आहे. त्याच्या सावलीला अध्यक्ष दिवसभर उकिडवे बसायचे. सावली सरकली की तेही सरकायचे. मधल्या सुटीत मयुरी फाटकाच्या गजांतून त्यांना डब्यातली पोळी द्यायची.

माझ्या वर्गाच्या खिडकीतून ते दिसायचे. इथे माझ्या तासाला कुणी येत नाही. माइक वाजत नाही, बेंच जागेवर असतात. मुलं माना खाली घालून गणितं सोडवतात आणि मयुरीची सगळी बरोबर येतात. असाच तास मला आयुष्यभर हवा होता. पण मी खडू हातात घेऊन बाहेर बघत उभा राहायचो आणि जीवाची नुसती चिडचिड व्हायची. गावावर, त्या नवरीच्या बापावर, पिवळ्या गाड्यांवर, आणि सगळ्यात जास्त त्या टिनाखाली बसलेल्या माणसावर.

शेवटी मी बाईंशी भांडलो. बाईंनी नियम सांगितला, मी त्यांना अध्यक्षांबद्दल सांगितलं. चांगलीच खडाजंगी झाली. अखेर त्या कंटाळून म्हणाल्या, व्हरांड्यात एक खुर्ची टाका त्यांच्यासाठी, फक्त वर्गाजवळ फिरकू देऊ नका. मी तडक फाटकाबाहेर गेलो. म्हणालो, उठा अध्यक्ष, परवानगी आणली आहे, आत चला.

ते उठले नाहीत. त्यांनी त्या उंच भिंतीकडे, बंद फाटकाकडे नीट पाहिलं.

"राहू द्या सर," ते म्हणाले. "तिकडं म्या कोनाले नाही म्हटलं नाही. त्याचं काय झालं थे तुमी पायलं. ह्यायले तरी नाही म्हनू द्या. पोरीची दहावी होऊन जाईन."

इतक्या वर्षांत अध्यक्षांनी माझं म्हणणं पहिल्यांदाच मान्य केलं होतं. मी तिथेच, त्या पंक्चरवाल्यासमोर, त्यांच्यावर भयंकर ओरडलो. मी इतकं का ओरडतोय, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.