अंगाची ऊब पुरते

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या मनगटाला नखाएवढी चिप चिकटवली आणि पडद्यावर नाडीचे आकडे उमटले.

"हिचा सेल कुठाय?" मी विचारलं.

"सेल नाहीच, आजोबा. हिला वीज इतकी कमी लागते, की तुमच्या अंगाची ऊब पुरते."

माझ्या या गार, सुरकुतलेल्या हाताची! चालायला किती थोडं लागतं, आणि थांबवायला एक हशा पुरतो. आमच्या प्रयोगशाळेत शालिनीने हीच कल्पना मांडली, तेव्हा मी, तिचा साहेब, म्हणालो होतो, "फुंकर मारून चालवणार का?" सगळे हसले. तिने ते काम सोडलं. तिचं गणित चुकलं होतं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. खरं तर मी ते तपासलंच नव्हतं.

तिथूनच तिला फोन लावला. "शालिनी, तुझं बरोबर होतं."

"थांबा साहेब, स्पीकर लावते. घरात सगळ्यांना ऐकू दे."

मी दवाखानाभर ऐकू जाईल असं पुन्हा म्हणालो.